मिठांतला झिंगा

परळी वैजनाथास समुद्र नाहीं. कोंकणचा किनारा तेथून सरळ रेषेंत मोजला तरी सुमारें पावणेचारशे किलोमीटर दूर आहे, आणि ज्या हैदराबाद संस्थानांत हें गांव १९४८ पर्यंत मोडत होतें त्या सबंध संस्थानाला किनारा असा नव्हताच. तरीहि समुद्राशीं परळीचें नातें कथेनें जोडलेलें आहे. समुद्रमंथनांतून निघालेला धन्वंतरी व त्याच्या हातचें अमृत देवांनीं येथील शिवलिंगांत लपवून ठेविलें, आणि म्हणून हा देव वैद्यनाथ, असें तेथें सांगतात. नाशवंत वस्तु टिकवावी कशी, हा प्रश्न देवांप्रमाणेंच कोळ्यांनाहि पडलेला आहे. आणि जाळ्यांतून निघणाऱ्या जिनसांत झिंग्याइतकी लवकर नासणारी दुसरी जिन्नस विरळा.

देशावरच्या आठवडे बाजारांत झिंगा येतो तो सुकटीच्या पोत्यांतून. त्यांतला जवळा अगदीं बारीक, चार सेंटिमीटरांहून क्वचितच मोठा. करंदी त्याहून थोर. आणि सोडे म्हणजे कोळंबी सोलून वाळविलेली, म्हणून किंमतीनेंहि वरच्या पायरीची. मुंबई व रायगड या बाजूच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या ओढींत डोळीचें जाळें लावून जवळा धरतात आणि उन्हांत पसरून, बहुधा मीठ न लावतांच, वाळवितात. पावसाळ्यापूर्वीं आगोटीची जी बेगमी कोंकणांतल्या घरांतून होते, तींत या सुक्या मालाला मानाचें स्थान असतें. असा झिंगा काडीसारखा कडक झाला तरी बिघडत नाहीं. तो पुढें कांद्याबरोबर परतला जाणार असतो.

परंतु झिंगा टिकलाहि पाहिजे आणि मऊ व रसदारहि राहिला पाहिजे अशी अट घातली, म्हणजे काम अवघड होतें. ही अट घालणारे लोक अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर भेटतात. वॉशिंग्टन व ओरेगन या संस्थानांत आणि त्यांच्या उत्तरेस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत सॅल्मन आणि स्टीलहेड हे मासे समुद्रांतून नद्यांत चढतात, व त्यांना गळानें पकडण्यासाठीं तेथील हौशी मंडळी झिंग्याचीं शेपटें मिठांत मुरवून आमिष म्हणून वापरतात. मुंबईच्या खानावळींत रावसालाच ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून खपविण्याची चाल आहे. रावस मासा उत्तमच, पण त्याचा सॅल्मनच्या कुळाशीं कांहींएक संबंध नाहीं. खरा सॅल्मन नदीच्या गोड्या पाण्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यासाठीं जन्माच्या नदीला परततो. पॅसिफिक महासागरांतले बहुतेक सॅल्मन त्यानंतर मरतात. स्टीलहेड हा त्यांचा चुलतभाऊ. तळ्यांत व ओढ्यांत राहणाऱ्या रेनबो ट्राउटची ही समुद्रावर गेलेली शाखा असून, अंडीं घातल्यावरहि तिच्यांतले कांहीं जगतात व पुन्हा समुद्राकडे वळतात. रेनबो ट्राउट विसाव्या शतकाच्या आरंभीं निलगिरीवरहि आणून सोडण्यांत आला होता.

नदींत शिरलेला सॅल्मन खाणें जवळजवळ सोडतो. मग तो आमिषाला तोंड कां लावतो? संवयीनें, की चिडून, याविषयीं निरनिराळे तर्क आहेत. परंतु त्याचें नाक विलक्षण तीक्ष्ण असतें, हें निर्विवाद आहे. मासे निरनिराळ्या ओढ्यांचें पाणी वासानें वेगळें ओळखूं शकतात, असें हॅस्लर आणि विस्बी या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९५१ सालीं प्रसिद्ध केलें, व सॅल्मन आपली नदी वासानेंच शोधून काढतो ही कल्पना तेथून दृढ झाली. त्याच दशकांत कॅनडांतील शास्त्रज्ञांस असें आढळलें कीं, नदीच्या वरच्या अंगास माणसानें हात नुसते पाण्यांत बुडविले तरी खालून चढणारे सॅल्मन बिचकतात. कातडीवरील सेरिन नांवाचें द्रव्य त्याचें कारण ठरलें. म्हणूनच आमिष तयार करतांना जाणते लोक हातमोजे घालतात. झिंगा गळाला लावावयाचा तो मुख्यतः त्याच्या वासासाठीं, आणि तो वास पाण्यांत हळूहळू सुटत राहावा अशा बेतानें.

झिंगा नासतो तो दोन वाटांनीं. एक घरभेदी, दुसरा परका. झिंग्याच्या डोक्यांत त्याची पचनग्रंथि असते. तो जिवंत असतांना तींतले पाचक रस अन्न पचवितात, मेल्यावर तेच रस त्याच्या स्वतःच्या मांसावर चालून जातात आणि कांहीं तासांत शेपूट मेणासारखें लिबलिबीत होतें. यास्तव डोकें आधीं मोडून टाकणें व माल गार ठेवणें ही पहिली दक्षता होय. कवचाखालीं पडणारे काळे डागहि अशाच एका अंतःस्थ द्रव्याचें काम असतें. कापलेलें वांगें किंवा सफरचंद काळवंडतें त्याच जातीचा हा प्रकार. परका शत्रु म्हणजे सूक्ष्म जंतु. ते बाहेरून येतात व ओलाव्यावर जगतात.

मीठ या दोघांनाहि आवरतें. कैरीच्या फोडींस मीठ चोळून ठेविलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं पातेल्यांत पाणी सुटलेलें प्रत्येक गृहिणीनें पाहिलेलें असतें. झिंग्यांतहि हेंच घडतें. मांसांतलें पाणी बाहेर येतें, मीठ आंत शिरतें, आणि दोन्हीकडचा खारेपणा सारखा होईपर्यंत ही देवघेव चालू राहते. शंभर ग्रॅम पाण्यांत सुमारें ३६ ग्रॅम मीठ विरघळतें. त्यापुढें घातलेलें तळाशीं बसतें. अशा दाट खारवणांत पाणी असतें खरें, पण तें मिठाशीं इतकें जखडलेलें असतें कीं जंतूंच्या उपयोगीं पडत नाहीं. शास्त्रज्ञ ही मोकळीक आंकड्यांत मांडतात. शुद्ध पाण्याची मोकळीक १ धरली तर दाटांत दाट खारवणाची ती सुमारें ०.७५ भरते, आणि मांस कुजविणाऱ्या बहुतेक जंतूंची वाढ ०.९१ च्या खालीं थांबते. सगळेच जंतु मात्र हार खात नाहींत. मिठागरांतच जन्मलेले कांहीं मीठप्रिय जीव खाऱ्या माशावर गुलाबी झांक आणतात; उन्हानें आटविलेल्या मिठाबरोबरच ते बरणींत शिरलेले असतात. कच्च्या मिठांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षारहि उपद्रवी. त्यांच्यामुळें मीठ आंत मुरण्यास विलंब लागतो व चव कडवट होते. ज्याला आमिषापेक्षां घरांतल्या खाऱ्या माशाची काळजी आहे त्यानेंहि खडे मीठ पाहून घ्यावें.

नुसत्या मिठानें झिंगा टिकतो पण आवळून निबर होतो. यासाठीं साखर घालतात. साखरहि पाण्याला जखडते, परंतु मांस मऊ ठेवते. सोडे आणि आमिष यांच्यांतला भेद येथें आहे: सोड्यांतलें पाणी उन्हानें काढून टाकलेलें असतें, आमिषांतलें बरेंचसें आंतच राहूं दिलेलें असतें. तेथील लोक याशिवाय टांकणखार घालतात. त्यानें मांसाला घट्टपणा येतो, म्हणजे वाहत्या पाण्यांत झिंगा गळावरून निसटत नाहीं. शेवटीं तांबडा अगर गुलाबी रंग. झिंगा उकळला असतां आपोआप तांबडा होतो, कारण त्याच्या कवचांतला तांबडा रंग प्रथिनाशीं बांधलेला असतो आणि उष्णतेनें ती गांठ सुटते. थंड मिठांत ती सुटत नाहीं, म्हणून रंग बाहेरून द्यावा लागतो. सॅल्मनच्या मांसाची लाली हीहि त्याच्या पोटांत गेलेल्या झिंग्यांसारख्या प्राण्यांचीच देणगी असते. रंग तेजस्वी राहावा व काळे डाग पडूं नयेत यासाठीं सोडियम सल्फाइट नांवाचें लवण घालण्याची वहिवाट पडली. तिच्याकडे पुढें वळावें लागेल.

माशाच्या जिभेचा असा अभ्यास करणें ही पाश्चात्यांचीच हौस, असें मात्र कोणीं समजूं नये. परळीपासून सव्वाशे किलोमीटरांच्या आंत कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे. तींत समुद्रांतले व नदींतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे मासे वेगळे करून कोणाला कोणतें खाद्य रुचतें तें सांगितलें आहे: कोठें तिळाची पेंड, कोठें पीठ, कोठें भात, कोठें मांस. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिला व त्याचा पहिला भाग १९२५ सालीं निघाला. राजाला करमणूक हवी होती. प्रजेपैकीं जे मासे धरून पोट भरीत त्यांच्याविषयीं ग्रंथ फारसें बोलत नाहीं.

त्यांची कथा मिठाशींच निगडित आहे. इंग्रजी अमलांत मिठावर कर असल्यामुळें मासे नीट खारविण्याइतकें मीठ घेणें कोळ्यांस परवडत नसे, आणि अर्धवट खारलेला, कुजका माल बाजारांत जाई. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञानें १८७३ च्या आपल्या अहवालांत हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील मासेमारीची पाहणी करून हा प्रश्न सरकारपुढें मांडला, आणि पुढें किनाऱ्यावर मासे खारविण्याचीं सरकारी आवारें निघून तेथें कराविना मीठ मिळूं लागलें. आवाराबाहेर तेंच मीठ महाग. हा कर १९३० च्या सत्याग्रहानें हादरला आणि १९४७ सालीं एकदांचा गेला. जी वस्तु आज अमेरिकेंतील हौशी मनुष्य माशाच्या आमिषावर मुठींनीं उधळतो, तिच्यासाठीं येथील कोळ्याला इतका काळ थांबावें लागलें.

आतां सल्फाइटविषयीं. कोलंबिया नदीच्या खोऱ्यांतील सॅल्मन व स्टीलहेड यांचे अनेक कळप धरणांमुळें, अतिमासेमारीमुळें व इतर कारणांनीं इतके रोडावले कीं, १९९१ पासून पुढें त्यांना एकामागून एक धोक्यांतील प्राण्यांच्या यादींत घालावें लागलें. मोठ्या माशांसाठीं टाकलेल्या आमिषाचे तुकडे त्याच पाण्यांतलीं सॅल्मनचीं पिल्लेंहि खातात. झिंग्याप्रमाणेंच सॅल्मनचीं अंडींहि आमिषासाठीं मुरवितात, व त्यांतहि सल्फाइट पडत असे. २०१० च्या सुमारास ओरेगनमध्यें पिल्लांना अशीं अंडीं खाऊं घालून प्रयोग करण्यांत आले, तेव्हां कांहीं प्रकारांनीं पिल्लें मेलीं, कांहींनीं मेलीं नाहींत, आणि मारणारें द्रव्य सोडियम सल्फाइट असल्याचें दिसून आलें. म्हणजे मासा पकडण्यासाठीं जें घालावयाचें तेंच उद्यांचा मासा मारीत होतें, आणि तेंहि केवळ रंग खुलावा म्हणून. यावर तेथील मत्स्यखातें व आमिष तयार करणारे यांनीं बसून त्याचें प्रमाण कमी करण्याचें ठरविलें. झिंग्यांना लावावयाच्या मसाल्यांतहि हें द्रव्य पडतें, तेव्हां घरीं बरणी भरणाऱ्यानें तें वगळणेंच शहाणपणाचें.

परळीजवळ नागापूर येथें वाण नदीवर धरण आहे व शहराला पिण्याचें पाणी तेथून येतें. तेथें सॅल्मन नाहीं. पण गोदावरीच्या या खोऱ्यांत शिवडा, शिंगाळा, मरळ असे मांसाहारी मासे आहेत, आणि गोदावरीचा म्हणून शास्त्रांतहि प्रसिद्ध असलेला गोड्या पाण्यांतला मोठा झिंगा त्याच नदीचा रहिवासी आहे. कणकेच्या गोळ्याला रोहू येतो, शिवड्याला मांसच हवें. झिंगा हातीं लागला तर त्याचें डोकें तत्काळ मोडावें, शेपूट कवचासकट ठेवावें, कांचेच्या बरणींत एक थर झिंग्यांचा व एक थर खडेमीठ-साखरेचा असें भरीत जावें. टांकणखार नको, रंगहि नको. तें पाणी माणसांनीं प्यावयाचें आहे. रात्रभरांत सुटलेलें पाणी सकाळीं निथळून टाकावें, झिंगे गार जागीं ठेवावे, आणि गळाला लावतांना कांटा शेपटाच्या रुंद टोकांतून घालून कवचाच्या आंतून पुढें न्यावा, म्हणजे पाण्याची ओढ लागली तरी तो निघत नाहीं.