नऊ कुंपणांतले व्रत

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरची सकाळ होती. मी रामनगरच्या बसस्टँडवर जोयड्याच्या बसची वाट पाहत उभी होते. एवढ्यात बेळगावच्या बाजूने पाच आर्यिका चालत आल्या. पांढरी साडी, अनवाणी पाय, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. बरोबर दोन-चार श्रावक आणि मागून हळूहळू येणारी एक जीप. अनमोडमार्गे गोव्याकडे विहार चालला होता. माझ्याशेजारी बी. ए. च्या दोन मुली उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, ह्यांनी लग्न नाही केलं, एवढंच ना? मग आमची थोरली आत्यापण तशीच की!"

जोयडा येईपर्यंत बोलत राहिले, तरी उत्तर पुरे झाले नाही. ते आज इथे लिहिते आहे. मी मूळची निपाणीकडची. घर दिगंबर जैन, बोली कन्नड, शाळा मराठी. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फक्त पुस्तकातला नाही.

लग्न न करणे हा ब्रह्मचर्याचा अगदी वरचा पापुद्रा झाला. आपल्या तालुक्यात नाचणी-भात पेरून भागत नाही. डुकरे आणि गवे येतात म्हणून शेताला वई घालावी लागते. जैन परंपरेने ब्रह्मचर्याचीही अशीच नऊ कुंपणे सांगितली आहेत. विकार जागा होईल अशा जागी राहू नये, तसल्या गप्पा मारू नयेत, टक लावून पाहू नये, भिंतीआडचे बोलणे कान देऊन ऐकू नये, पूर्वीच्या सुखाची आठवण उगाळत बसू नये, चमचमीत खाऊ नये, पोटाला तडस लागेपर्यंत जेवू नये, देहाला नटवू नये. या यादीत जिभेची दोन कुंपणे आहेत हे मला फार शहाणपणाचे वाटते. आणि आठवणीचे कुंपण सर्वांत अवघड. दार लावून घेता येते, आठवणीला कडी कुठून आणायची?

एक तक्रारही नोंदवून ठेवते. हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा पुरुष साधू होता, म्हणून मोह म्हणजे स्त्री असेच शब्द येतात. आर्यिकांनी ते उलटे करून वाचायचे. 'मूलाचार' या जुन्या आचारग्रंथात तर अंतरसुद्धा मोजून दिले आहे. आर्यिकेने आचार्यांना पाच हातांवरून, उपाध्यायांना सहा हातांवरून आणि साधूंना सात हातांवरून वंदन करावे. अधिकार जितका मोठा, तितके अंतर कमी. हे वाचून आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकला होता, पण लिहिणाऱ्याला माणसाचा स्वभाव नेमका ठाऊक होता.

हे व्रत वेगळे मोजायला कधी लागले, त्याचीही कथा आहे. पार्श्वनाथांच्या काळी महाव्रते चार होती, महावीरांनी पाच केली. श्वेतांबरांच्या 'उत्तराध्ययन' सूत्रात पार्श्वपरंपरेतले केशी आणि महावीरांचे शिष्य गौतम यांचा यावर संवाद आहे. केशी विचारतात, ध्येय एकच असताना हा फरक का? गौतमांचे उत्तर मोठे मिस्कील आहे. मधल्या तीर्थंकरांच्या काळची माणसे सरळ आणि समजूतदार होती, त्यांना थोडक्यात कळत असे. आताची वाकडी आणि जड बुद्धीची, त्यांना वेगळे करूनच सांगावे लागते! म्हणजे पूर्वी ब्रह्मचर्य अपरिग्रहातच धरलेले होते. जोडीदार हाही 'माझे' म्हणून धरून ठेवण्याचाच प्रकार.

गृहस्थाला यातून सुटका नाही, फक्त सवलत आहे. त्याच्यासाठी हेच व्रत लहान होऊन येते: आपल्या जोडीदारात समाधान मानणे. श्रावकाच्या अकरा प्रतिमांपैकी सातवी प्रतिमा पूर्ण ब्रह्मचर्याची. पर्वाच्या तिथींपुरते, चातुर्मासापुरते किंवा काही वर्षांपुरतेही व्रत घेता येते. साठी उलटलेली जोडपी महाराजांसमोर जोडीने उभी राहून ते घेतात, हे आमच्याकडे पुष्कळांनी पाहिले असेल. आपल्या जिल्ह्यात शिरसीजवळच्या सोंदा येथील स्वादी मठाचे भट्टारकही ब्रह्मचारी, पण वस्त्रे धारण करणारे आणि मठ सांभाळणारे. सन 1604 मध्ये 'कर्णाटक शब्दानुशासन' हे कन्नडचे व्याकरण लिहिणारे भट्टाकलंक याच परंपरेतले.

पण व्रत घेणारा एकटा असला तरी घर एकटे नसते. दूधगंगेच्या काठची दोन गावे पाहा, भोज आणि सदलगा. भोजच्या पाटलांच्या घरातील सातगौडा 1872 साली जन्मले. नवव्या वर्षी लग्न झाले आणि ती मुलगी थोड्याच महिन्यांत वारली. दुसरे लग्न त्यांनी केले नाही. पण आईवडिलांनी आम्ही असेपर्यंत घरी राहा म्हटले, आणि ते राहिले. दोघे गेल्यावर, चाळिशी ओलांडून, त्यांनी दीक्षेची वाट धरली. 1920 मध्ये यरनाळला मुनिदीक्षा, 1924 मध्ये समडोळीला आचार्यपद. तेच आचार्य शांतिसागर. 18 सप्टेंबर 1955 रोजी कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन त्यांनी देह ठेवला.

सदलग्याचे विद्याधर 1946 चे. त्यांनी विशीत, 1966 मध्ये, आचार्य देशभूषणांकडे ब्रह्मचर्यव्रत घेतले आणि 30 जून 1968 रोजी अजमेरला मुनिदीक्षा. घरापासून इतक्या दूर! हे आचार्य विद्यासागर. नंतर त्यांच्या आईवडिलांनी दीक्षा घेतली, दोन भाऊ मुनी झाले, बहिणीही त्याच वाटेने गेल्या. 18 फेब्रुवारी 2024 रोजी छत्तीसगडमधील डोंगरगढला त्यांचे समाधिमरण झाले, तेव्हा त्यांच्या जागी आचार्य झालेले समयसागर हे त्यांचेच धाकटे भाऊ. एका घराने मुलाला थांबवले आणि मुलगा थांबला. दुसऱ्या घरचा मुलगा निघून गेला आणि घरच त्याच्या मागे गेले.

सगळीच घरे मागे जात नाहीत. माझी धाकटी आत्या चोविसाव्या वर्षी आर्यिका झाली. दीक्षेच्या आधी अज्जीने तिची ओटी भरली, जशी लग्नात भरली असती तशीच. पाच वर्षांनी विहार करत संघ आमच्या गावी आला. अज्जी इतर बायकांसारखी सोवळ्याने कलश घेऊन दारात उभी राहिली. आहार आमच्याकडेच झाला. अज्जीने पोटच्या लेकीला 'माताजी' म्हणून वाकून वंदन केले. नावाने हाक मारायची नव्हती, जवळ घ्यायचे नव्हते. आत्या बसून ओंजळीत जेवत होती आणि अज्जी घास देत होती. संघ पुढे गेल्यावर अज्जी मला म्हणाली, "ऊटा माडिदळु, साकु." जेवली, बास.

हे सगळे आठवण्याचे कारण बसस्टँडवरचा प्रश्न एवढेच नाही. गेल्या पावसाळ्यात भावाचा फोन आला. त्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला आजन्म ब्रह्मचर्याचा नियम घ्यायचा होता. वहिनी दोन दिवस जेवली नव्हती. "तू प्राध्यापक आहेस, तूच समजाव," असे भाऊ म्हणाला. मी गेले. तिला प्रेमभंग वगैरे काही झालेला नव्हता, हे आधी सर्वांना पटवावे लागले. मुलगी संसार नको म्हणाली की आपल्याकडे पहिला संशय तोच येतो. मी तिला अडवले नाही, पण एकोणिसाव्या वर्षी आजन्म हा शब्द उच्चारू नये असे माझे मत आहे, आणि ते मी तिला स्पष्ट सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "अत्ते, लग्नही आजन्मच असतं की. ते एकोणिसाव्या वर्षी चालतं?"

मला उत्तर सुचले नाही. शेवटी तिने दोन वर्षांचा नियम घेतला. पुढचे पुढे.

सध्या ती रोज एक रस सोडते: कधी तूप, कधी दूध, रविवारी मीठ. वहिनीने स्वयंपाकघराच्या दारामागे वारांची यादी चिकटवली आहे. परवा रविवारी मी गेले तर आमटी अळणी होती. भाऊ मीठ मागायला लागला, तर वहिनी म्हणाली, आज घरात मीठ नाही.