टेड लॅसोची सूचनापेटी

‘टेड लॅसो’ ही मालिका ऑगस्ट २०२०मध्ये ॲपल टीव्ही प्लसवर सुरू झाली. २०२१ आणि २०२२, अशी सलग दोन वर्षे तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी मिळाला. जेसन सुडेकिसने रंगवलेला टेड हा अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक. सॉकरचे नियमही ठाऊक नसताना लंडनचा ‘एएफसी रिचमंड’ हा काल्पनिक संघ त्याच्या हाती येतो.

आल्याआल्या तो खेळाडूंसाठी सूचनापेटी ठेवतो. चिठ्ठ्यांतून बहुतेक शिव्याच निघतात. पण शॉवरला पाण्याचा जोर नाही, ही तक्रार तो उचलतो आणि दुरुस्ती करून घेतो. संघाचे सामान सांभाळणाऱ्या नेटला तो आधी नाव विचारतो, मग डावपेच, आणि पुढे त्याला सहायक प्रशिक्षक करतो. हाच नेट दुसऱ्या पर्वात टेडच्या दुर्लक्षाने दुखावतो, टेडने लावलेला ‘बिलीव्ह’ लिहिलेला कागद फाडतो आणि वेस्ट हॅम या दुसऱ्या संघाकडे जातो. वर आणलेल्या माणसाची विचारपूस थांबली की काय होते, हे मालिकेने इतक्या प्रामाणिकपणे दाखवले, म्हणून ती मला मोलाची वाटते.