येलदरीची जागा

1923 साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची एक तुकडी लाकडी होड्या घेऊन कोलोरॅडो नदीच्या घळईत उतरली. क्लॉड बर्डसाय तुकडीचे प्रमुख, युजीन ला रू जलअभियंता. धरणाजोग्या जागा शोधत त्यांनी ग्रँड कॅन्यन पार केले. त्याच वर्षी हैदराबाद संस्थानात मांजरा नदीवर निजामसागर धरणाचे काम सुरू झाले आणि 1931 मध्ये पुरे झाले. मांजरा उगवते बीडच्या डोंगरात, धरण मात्र झाले तेलंगणात. त्याच संस्थानातल्या परभणीकरांना मोठ्या धरणासाठी आणखी साडेतीन दशके थांबावे लागले.

परभणीत होडीतून धुंडाळावी अशी घळईच नाही. गोदावरी आणि दुधना काळ्या रानातून सपाट वाहतात. दोन कड्यांना भिंत टेकवून पाणी अडवण्याची सोय नाही. अजिंठ्याच्या डोंगरातून येणारी पूर्णा तेवढी जिंतूर तालुक्यात टेकड्यांमधून वाट काढते. तिथे येलदरी धरण बांधले. तरीही उंची 51 मीटर आणि लांबी सव्वाचार किलोमीटर, कारण मातीचा भराव पार दोन्ही अंगांच्या उंचवट्यांपर्यंत न्यावा लागला. धरण 1968 मध्ये पूर्ण झाले. पायथ्याच्या वीजघराची क्षमता 22.5 मेगावॉट. वीज करून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात पुन्हा अडते आणि तिथून कालव्याला लागते. 1999 मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सिद्धेश्वर तिकडे गेले.

गोदावरीवर तर जागाच बदलली. बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळचा विचार मागे पडला आणि धरण बरेच वर, पैठणला गेले. नाव तेच राहिले. पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्घाटन 1976 मध्ये इंदिरा गांधींनी. धरण जितके वर, तितका कालवा उंचावरून निघतो आणि पाणी उताराने लांब जाते. म्हणूनच 208 किलोमीटरचा डावा कालवा परभणीपर्यंत पोहोचला.

जागा निवडताना उतार, पाया आणि पाणलोट पाहिला गेला. पण पाणलोट कायम आपलाच राहत नाही. पूर्णेवर येलदरीच्या वर खडकपूर्णा प्रकल्प झाला. गोदावरी खोऱ्यात नाशिक-नगरकडे धरणे वाढली. समन्यायी वाटपासाठी 2005 मध्ये कायदा करावा लागला, तरी टंचाईच्या वर्षी पाणी सोडण्यावरून भांडण होतेच. धरणाची जागा एकदाच ठरते. तिथे येणारे पाणी मात्र दर पावसाळ्यानंतर नव्याने मागून घ्यावे लागते.