संगणक-दुरुस्तीकडून आज्ञावली-लेखनाकडे

कार्यालयातील अडलेला संगणक सुरू करून देणारा तंत्रसाहाय्यक स्वतः आज्ञावली लिहू शकेल काय? अवश्य शकेल. कर्मचारी कोठे अडतात, कोणत्या नोंदी चुकतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. उणीव असते ती माहितीच्या बांधणीच्या ज्ञानाची. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत मांडण्याची पद्धत सुचविली. ‘एसक्यूएल’ ही भाषा तिच्यावरच आधारलेली आहे. खातेदाराचा पत्ता एकाच तक्त्यात ठेवून पावत्यांच्या तक्त्यात केवळ त्याचा क्रमांक द्यावा. म्हणजे पत्ता बदलल्यास दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते. ‘एसक्यूलाइट’ विनामूल्य मिळत असल्याने सराव अल्प खर्चात होतो. मात्र हातची नोकरी सोडण्यापूर्वी रोजच्या तक्रारींची नोंदवही अशा तक्त्यांत मांडून पाहावी. नव्या व्यवसायाची तीच पहिली परीक्षा होय.