पंखा फिरतोय का?

लातूरच्या आडत लाइनीत सकाळी देणगी मागायला जायचं नाही, हे सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बोहनी झालेली नसते. सौदे निघायचे असतात, काट्यावर पोती चढत असतात, चाळणीखालून सोयाबीनचा धुरळा उडत असतो. अशा वेळी गादीसमोर पावतीपुस्तक उघडलं तर शंभराची नोट मिळते, पण ती आम्ही लवकर उठावं म्हणून. पुढच्या वर्षी तोच माणूस आम्हाला लांबून बघून आतल्या खोलीत जातो.

सर नांदेडचे, निवृत्त शिक्षक. लातुरात शिकायला येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलींसाठी आम्ही काही जण मिळून एक लहानसं वसतिगृह चालवतो. 'लातूर पॅटर्न'च्या क्लासची फी भरल्यावर ज्यांच्या घरी खोलीभाड्याला काही उरत नाही, अशा मुली. सगळा खर्च देणगीवर. आणि २०२५ च्या दिवाळीनंतर आमच्या लक्षात आलं, की नेहमीचे देणारे गळायला लागलेत.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. त्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात पाणी घरांत शिरलं, सप्टेंबरात मराठवाडाभर पिकं बुडाली. पूरग्रस्तांसाठी प्रत्येक मंडळ, प्रत्येक संघटना निघाली, निघायलाच हवी होती. मधेच गणपतीची वर्गणी, मग देवीची. ज्या दुकानदाराकडे सगळे जात होते त्याचं गिऱ्हाईकही पुरातलंच, त्याची उधारी शेतात कुजत पडलेली. त्याच दोन महिन्यांत आम्हीही व्हॉट्सॲपवर पाच वेळा हात पसरला. पाचही संदेशांत तोच मजकूर, तोच फोटो.

"देऊन माणूस विटत नाही," सर म्हणाले, "मागणाऱ्याला विटतो."

सरांकडे एक लांबोडी वही आहे. नाव, रक्कम, तारीख आणि सगळ्यात रुंद रकाना शेऱ्याचा. "जूनमध्ये मुलीचं लग्न, यंदा मागू नये." "तूर निघाल्यावर." "वडिलांची पुण्यतिथी माघात." "भावांची वाटणी झाली, धाकट्याकडे वेगळं जाणे." आम्ही तरुण मंडळींनी ही वही कॉम्प्युटरवर चढवली तेव्हा शेऱ्याचा रकाना गाळला, एवढा मजकूर कुठे बसवायचा? त्याचं फळ असं, की चार महिन्यांपूर्वी वारलेल्या एका देणगीदाराला आमच्याकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या, खाली खाते क्रमांकासह. फोन आता मुलाकडे होता. त्याचं उत्तर आलं नाही. सर त्याच्या घरी जाऊन बसून आले. मी मात्र गेलो नाही, धीर झाला नाही.

पावतीबद्दलही आमचा एक गोड गैरसमज होता, की प्राप्तिकरातल्या ८०जी वजावटीचं आमिष पुरतं. दोन हजारांवर रोख घेतली तर देणाऱ्याला वजावट नाही, म्हणून चेक घ्या, पॅन घ्या, ३१ मेपर्यंत १०बीई प्रमाणपत्र पोचवा, हे सगळं आम्ही नेटाने केलं. पण ज्यांनी नवी करप्रणाली घेतली त्यांना ही वजावट मिळतच नाही. म्हणजे मार्च अखेरीचा आमचा हुकमी पत्ताही गेला.

मग सप्ताह आठवला. आमच्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात आणि पंगत द्यायला लोक नंबर लावतात. नंबर हुकला तर रुसतात. तिथे कोणी विटत नाही, कारण पंगतीला दिवस असतो, नाव असतं, समोर जेवणारी माणसं असतात. आम्ही 'एक दिवसाचं जेवण' सुरू केलं. पुण्यतिथ्या, वाढदिवस, तारखा भराभर गेल्या. मुली आठवड्यातून तीनदा शिरा खाऊ लागल्या आणि लाइट बिल तसंच पडून राहिलं. वीज बिलासाठी नंबर लावणारा मला अजून भेटलेला नाही. शेवटी दिवसाच्या रकमेतच गॅस, वीज, स्वयंपाकीणबाईंचा पगार धरला आणि तसं तोंडावर सांगितलं. दोघंतिघं कुरकुरले, बाकीच्यांनी मान डोलावली.

नांदेडला गेलो की सर मला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरला नेतात. कमाईचा दहावा हिस्सा, दसवंध, काढायची शीख परंपरा आहे. पण तेवढ्यावर तिथे कोणी थांबत नाही. लांबून आलेला, मनगटावर भारी घड्याळ असलेला एक गृहस्थ घड्याळ खिशात टाकून लसूण सोलत बसला होता. सर त्याच्याकडे बराच वेळ बघत होते.

किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, त्या वेळी मदतीचा नुसता लोंढा होता. पण लोंढा ओसरतोच. भारतीय जैन संघटनेने तिथली सुमारे १२०० मुलं पुण्याला नेऊन शिकवायचं अंगावर घेतलं, याचं मला त्यामुळे जास्त अप्रूप वाटतं. मूल शिकवायचं म्हटलं की पुढची कित्येक वर्षं सुटका नाही, बातमी कधीच जुनी झाली तरी.

एकदा दुपारी दोनला आम्ही आडत लाइनीतल्या एका आडत्याकडे पोचलो. सौदे आटोपले होते, गादीवर चहा आला होता.

"सर, तुम्ही दिसलाव की मला पावतीपुस्तकच दिसतंय बघा," तो हसत म्हणाला. मग हसू आवरून, "मागच्या साली पंख्याला पैसे नेलाव. फिरतोय का पंखा?"

आम्हाला माहीत नव्हतं. सरांनी तिथूनच वसतिगृहाच्या ताईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "फिरतोय हो," ताई म्हणाल्या, "पण खडखड करतोय. पोरी रात्री बंदच करून झोपतात."

आडत्याने कान देऊन ऐकलं. "बेअरिंग गेलं असंल." त्याने गोदामाकडे वळून कुणाला तरी हाक मारली. मोटारींची कामं करणारा त्याचा एक माणूस होता, त्याला पत्ता लिहून घ्यायला लावला. पावतीपुस्तक सरांच्या पिशवीतच राहिलं.

चौथ्या दिवशी वहीत त्या नावापुढे सरांनी लिहिलं : "रक्कम नाही. तीन पंख्यांचे बेअरिंग बदलून दिले. मार्चपर्यंत मागू नये. पोरींना घेऊन जाणे."