दहा मिनिटांचा भाव

परळीहून बीडकडे निघालेली एसटी सिरसाळ्याला थांबते आणि खिडक्यांतून हात बाहेर येतात. कुणाला पाण्याची बाटली हवी, कुणाला भजी, कुणाला पोरासाठी बिस्किटाचा पुडा. रस्त्याकडेच्या अशा थांब्यांवर महाराष्ट्रभर एक तक्रार हमखास ऐकू येते: 20 ची बाटली 25 ला दिली! आपलं उत्तरही ठरलेलं असतं, लोकच लबाड. पण जरा विचार करा. एका ओळीत पाच-पाच गाडे उभे असतील, तर चुरशीने भाव उतरायला हवा ना? भाजीमंडईत उतरतोच की. मग थांब्यावरच तो का चढतो?

या प्रश्नाचं उत्तर 1971 साली पीटर डायमंड या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने कागदावर मांडलं. पुढे 2010 मध्ये ते नोबेलचे एक मानकरी ठरले. त्यांनी काही बसथांबा डोळ्यांपुढे ठेवला नव्हता, तरी त्यांचं गणित इथे असं काही चपखल बसतं की थक्क व्हावं.

समजा, पाचही गाड्यांवर भज्यांची प्लेट 20 रुपयांना आहे. एकाने ती 21 केली. तुम्ही नेमके त्याच्यासमोर उभे आहात. पलीकडे 20 ला मिळते हे तुम्हाला ठाऊकही आहे. जाल तिकडे? वाहक कधी डबल बेल मारेल सांगता येत नाही. जागा धरायला टाकलेला रुमाल कुणी सरकवला तर? पोरगं एकटं बसलंय. एका रुपयासाठी एवढा घोर कोण लावून घेईल? तुम्ही 21 देता.

हे बाकीच्या चौघांनाही दिसतं. थोड्याच दिवसांत सगळीकडे 21. मग कुणी 22 करतो, आणि हिशोब पुन्हा तोच. मांडवावर वेल चढावा तसा भाव पेरापेराने वर जातो. कुठवर? ‘राहू दे, घरी जाऊनच खाऊ’ असं प्रवाशाला वाटेल तिथवर! कुणी कुणाच्या कानाला लागलेलं नाही, कुणी कट केलेला नाही. पाचाचे पन्नास गाडे झाले तरी निकाल बदलत नाही. भाव चढवायला पलीकडच्या गाड्यापर्यंत जाण्याचा तेवढा छोटासा त्रास पुरतो.

मग गावातल्या थांब्यावरचा चहा अजून आवाक्यात कसा? कारण तिथे गिऱ्हाईक म्हणून प्रवासी एकटा नसतो. शेजारी गावातले गुरुजी उभे असतात, रिक्षावाला असतो, शेतावरून आलेला गडी असतो. ही माणसं उद्याही येणार. त्यांतल्या काहींचं गाड्यावर खातं असतं. त्यांच्यादेखत एकाच कपाचे दोन भाव सांगायचे म्हणजे पंचाईत! आपण ज्यांना ओळखत नाही, जे आपल्याला ओळखत नाहीत, ती माणसं नुसती तिथे चहा पीत उभी राहून आपले पैसे वाचवतात. मला तर या साऱ्या व्यवहारातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आता रात्रीची पुण्याची गाडी घ्या. ती जेवायला थांबते गावाबाहेरच्या एखाद्या एकाकी हॉटेलवर. तिथे ना गुरुजी, ना दुसरा गाडा. आणि हे हॉटेल निवडलं कुणी? तुम्ही नाही! अधिकृत थांब्यासाठी हॉटेल एसटी महामंडळाला दर गाडीमागे पैसे भरतं. खासगी गाडी असेल तर चालकाचं जेवण बहुधा हॉटेलच्याच खात्यावर. निवडणारा एक, पैसे मोजणारा दुसरा. तो खर्च शेवटी वड्याच्या प्लेटमध्येच निघतो. म्हणून तर 2016 साली महामंडळाला अधिकृत थांब्यांवर 30 रुपयांत चहा-नाश्त्याची योजना आणावी लागली. तिकीट दाखवा आणि घ्या. ही योजना किती प्रवाशांना माहीत असते, हा प्रश्न मात्र मला सतावतो.

भज्यांचा भाव असा चढू शकतो. बाटलीचं तसं नाही, आणि खरी करामत इथेच आहे. बाटली फिरवून पाहा. बारीक ठशांत किंमत दिसेल, पुढे ‘सर्व करांसहित’. जगातल्या बहुतेक देशांत पाण्याच्या बाटलीवर अशी कायद्याने बांधलेली कमाल किंमत नसते. दुकान ठरवेल तो भाव. आपल्याकडे वेष्टनबंद मालाचे नियम 1977 साली आले. पण सुरुवातीला ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापायची मुभा होती, आणि कर नेमका किती हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? 1990 मध्ये ती फट बुजवली गेली. आज 2009 चा वैधमापन कायदा आणि त्याखालचे 2011 चे नियम लागू आहेत. डायमंड यांच्या गणितात भाव वर सरकतच राहतो. इथे तो या छापील आकड्याला येऊन धडकतो. दहा गाडे पालथे घालायला नकोत, बाटलीच तिचा भाव सांगते!

‘थंड करायचे 5 रुपये’? गाड्यावर, टपरीवर, दुकानात त्याला कायद्याचा आधार नाही. मात्र 12 डिसेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटना छापील किमतीहून जास्त घ्यायची मोकळीक दिली. तिथे नुसती बाटली विकली जात नाही, सेवाही दिली जाते, असं न्यायालयाचं म्हणणं. तीच बाटली, तेच पाणी, पण वेटरने टेबलावर आणून ठेवली की नियम निराळा. रस्त्यावरच्या गाड्याला ही सवलत नाही.

एसटीने स्वतःचं ‘नाथजल’ हे बाटलीबंद पाणी आणलं, तेव्हा लिटरच्या बाटलीवर 15 रुपये छापले. 20 ची नोट दिली की उरलेले 5 कुठे जायचे, हे प्रवाशाला चांगलं माहीत आहे: ‘सुट्टे नाहीत.’ ही सबब वर्षानुवर्षं चालली. 2016 साली यूपीआय आलं आणि गाड्यावर चौकोनी कोड लटकला. आता छापील भाव असेल तेवढेच नेमके देता येतात. पण त्याहून मोठी नवलाई वेगळीच आहे. ज्या टपरीने जन्मात कधी पावती फाडली नाही, तिची पावती आता आपल्या फोनमध्ये आपोआप तयार होते. रक्कम, तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, पैसे घेणाऱ्याचं नाव, सगळं त्यात असतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तक्रारीला भक्कम आधार म्हणून छापील किमतीचा फोटो आणि ही फोनमधली पावती एवढं जवळ असलं की पुष्कळ झालं, आणि सिरसाळ्याला घेतलेल्या बाटलीचं हे दोन्ही काम गाडी तेलगावला पोचायच्या आत उरकतं.