सत्तावीस मोठे की तेहतीस?

महाराष्ट्रात राज्यसभेची निवडणूक बहुतेक वेळा अर्ज मागे घ्यायच्या दिवशीच संपते. जेवढ्या जागा तेवढे उमेदवार, गुलाल उधळून मंडळी मोकळी. १९९८ साली तसं झालं नाही. केंद्रीय गृहसचिव राहिलेले राम प्रधान काँग्रेसचे अधिकृत उमेदवार असूनही मतं फुटून पडले. त्यानंतर अशी लढत रंगली ती थेट १० जून २०२२ रोजी. जागा सहा, उमेदवार सात.

गंमत म्हणजे सहाव्या जागेसाठी झुंजणारे दोघेही कोल्हापूरचे. ही जागा आधी संभाजीराजे छत्रपतींच्या नावाभोवती फिरत होती. त्यांना अपक्ष लढायचं होतं आणि शिवसेनेला ते शिवबंधन बांधून, म्हणजे पक्षात येऊन, हवे होते. बोलणी फिसकटली आणि जिल्हाप्रमुख संजय पवारांना लॉटरी लागली. भाजपने समोर आणले धनंजय महाडिक. माघारीच्या शेवटच्या दिवशी छगन भुजबळ आणि तेव्हा सत्तेत असलेल्या महाविकास आघाडीचे (शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस) काही नेते देवेंद्र फडणवीसांकडे ‘सागर’ बंगल्यावर गेले. प्रस्ताव असा की राज्यसभा तुम्ही सोडा, विधान परिषदेत आम्ही तुमची सोय करतो. भाजपने तोच प्रस्ताव उलटा करून परत पाठवला. चहा मात्र झाला असणार.

मग आमदारांच्या हॉटेलवाऱ्या सुरू झाल्या. त्यांची वर्णनं पुष्कळ छापून आली. खरं काम चाललं होतं कागद-पेन्सिलीवर. २००३ पासून राज्यसभेचं मतदान खुलं आहे. पक्षाचा आमदार मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकतो. अपक्षाला मात्र ती कोणालाच दाखवता येत नाही. म्हणून अपक्षाने जेवणाच्या पंगतीत दिलेला शब्द आणि मतपत्रिकेवर लिहिलेला आकडा यांची गाठ घालून देणारा कोणी नसतो. त्या आठवड्यात अपक्षांचा भाव वधारला तो यामुळे.

मतदानाच्या दिवशी भाजपचे लक्ष्मण जगताप आणि मुक्ता टिळक गंभीर आजारी असताना पुण्याहून विधानभवनात आले. पुढच्या सातेक महिन्यांत दोघेही गेले. दुसरीकडे तुरुंगात असलेल्या आघाडीच्या अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना न्यायालयाने मतदानाला सोडलं नाही. एकेका मताची किंमत किती होती हे यावरून समजावं.

चारला मतदान संपलं. पाचला मोजणी व्हायची, पण तक्रारी दिल्लीत पोहोचल्या. कोणी मतपत्रिका नुसती दाखवण्याऐवजी हातातच दिली, कोणाची दुसऱ्याच पक्षाच्या माणसाला दिसली, असे ते आक्षेप होते. मध्यरात्र उलटली तरी निवडणूक आयोग चित्रफिती तपासतच होता. शेवटी शिवसेनेचे सुहास कांदे यांचं मत बाद झालं आणि वैध मतं उरली २८४.

निकाल पहाटे आला. पहिल्या पसंतीची मतं: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, महाडिक २७. आणि निवडून आले महाडिक! तेहतीसवाला पडला आणि सत्तावीसवाला जिंकला, यावर गावोगावच्या पारांवर अजून वाद होतो.

उत्तर सरळ आहे. या निवडणुकीत एका मताचं मूल्य १०० धरतात. त्या दिवशी जिंकायला ४०५८, म्हणजे ४०.५८ मतं लागत होती. भाजपच्या गोयल आणि बोंडे यांच्याकडची प्रत्येकी सात-साडेसात मतं जादा ठरली. ती वाया गेली नाहीत. दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वाहत गेली आणि त्यांचा आकडा एकेचाळिसाच्या पुढे सरकला. आघाडीच्या प्रतापगढी, पटेल आणि राऊत या तिघांकडची जादा मतं मिळून जेमतेम सव्वासहा. ती सगळी धरूनही पवार चाळिशी गाठत नाहीत.

भाजपचे आमदार १०६ आणि तिन्ही उमेदवारांना मिळून पडलेली मतं १२३. ही वरची सतरा फडणवीसांची कमाई, आणि शरद पवारांनीही हा चमत्कार मान्य करायला हवा असं मोकळेपणाने सांगितलं. राऊतांनी दुसऱ्या दिवशी शब्द फिरवल्याचा आरोप करत काही अपक्षांची नावंच जाहीर केली. माझ्या मते त्या आदळआपटीत काही अर्थ नव्हता, कारण आघाडीला चार जागांसाठी १६२.३२ मतं हवी होती आणि पडली होती १६१. कांदेंचं एकटं मत वाचलं असतं तरी जिंकण्याचा आकडाही वर सरकला असता आणि भागलं नसतं. देशमुख, मलिक आणि कांदे ही तिन्ही मतं आघाडीच्या पारड्यात टाकून कागदावर मांडणी केली, तर मात्र दोन्ही बाजू मताच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत बरोबरीला येतात. चमत्कार खराच, पण त्याची जाडी एवढीच होती.

दहा दिवसांनी, २० जूनला, विधान परिषदेचं मतदान झालं आणि त्याच रात्री शिवसेनेचे एकनाथ शिंदे बंड करून आमदार घेऊन सुरतला गेले. त्यांच्या गटात सुहास कांदेही होते.